प्रा. मा. स. गोरे : समाजकार्याचे अध्यापन आणि त्याची भाषा

१

‘समाजकार्य’ हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की, तो घडविलेला शब्द आहे याची सहसा आठवण होत नाही. एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखनात ‘सुधारणा’, ‘परोपकार’, ‘धर्मादाय’, ‘लोकहित’ हे शब्द पावलोपावली आढळतात. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘सेवा’ आणि ‘उद्धार’ हे शब्द पुढे येतात. स्वातंत्र्यानंतर शासनव्यवहारातून ‘कल्याण’ या शब्दाला प्रतिष्ठा मिळते. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळाची स्थापना झाली, तेव्हा हा शब्द पक्का झाला. एका विद्याशाखेचे आणि व्यवसायाचे नाव म्हणून ‘समाजकार्य’ हा शब्द या मालिकेत सर्वांत धाकटा होय. इंग्रजी व्यवसायवाचक संज्ञेचे ते शब्दशः भाषांतर आहे, आणि ज्या विद्याशाखेसाठी ते केले गेले ती विद्याशाखाही परदेशातूनच आली.

या शब्दांत एक सूक्ष्म भेद आहे. ‘सेवा’ करणारा स्वतःला सेव्याहून खालच्या पायरीवर ठेवतो. देवाची, गुरूची, आईबापांची सेवा या प्रयोगांतून हा अर्थ मराठीत मुरलेला आहे. ‘उद्धार’ करणारा मात्र वरच्या पायरीवर उभा असतो, कारण बुडालेल्यास वर काढणारा स्वतः काठावर असावा लागतो. ‘कार्य’ या शब्दात अशी उतरंड नाही. परंतु त्यात दुसरी एक संदिग्धता आहे. ‘समाजकार्य’ या समासाचा विग्रह कसा करावयाचा? समाजासाठी केलेले कार्य, असा चतुर्थीचा विग्रह होऊ शकतो. समाज हाच ज्याचा विषय आहे असे, समाजाचे कार्य, असा षष्ठीचा होऊ शकतो. समाजाने स्वतः केलेले कार्य, असा तृतीयेचाही होऊ शकतो. हा केवळ व्याकरणाचा खेळ नव्हे. समाजकार्याच्या अध्यापनाचा भारतातील इतिहास पाहिला, तर त्यातील मुख्य वाद याच तीन विग्रहांभोवती फिरलेला दिसतो.

प्रा. माधव सदाशिव गोरे (१९२१–२०१०) हे या इतिहासातील एक मध्यवर्ती नाव. दिल्ली येथे समाजकार्य विद्यालयाचे प्राचार्य, १९६२ ते १९८२ अशी वीस वर्षे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक, आणि १९८३ ते १९८६ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, अशी त्यांच्या जीवनाची बाह्य रूपरेषा आहे. १९७५ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. परंतु पदे आणि किताब यांच्या यादीतून अध्यापकाचा वारसा कळत नाही. विद्याशाखेने कोणते प्रश्न विचारावेत, हे ठरविण्यात त्याचा वाटा कोणता, हे पाहिले पाहिजे. त्या दृष्टीने प्रा. गोरे यांचा प्रवास वरील तीन विग्रहांतून झाला, असे दाखविता येते. त्या प्रवासात काय साधले आणि काय राहून गेले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

भारतात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण देणारी पहिली संस्था १९३६ साली मुंबईत निघाली. सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर विद्यालय हे तिचे मूळ स्वरूप. १९४४ साली तिला टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले होते. नागपाड्यातील गिरणी कामगारांच्या आणि गरिबांच्या वस्तीत त्यांनी ‘नेबरहुड हाऊस’ चालविले, आणि विद्यालयाचे वर्गही प्रारंभी तेथेच भरले. विद्यार्थ्याने वस्तीतच शिकावे हा हेतू त्यात स्पष्ट होता. १९३७ साली संस्थेने बालमार्गदर्शन चिकित्सालय सुरू केले. या प्रकारचे ते देशातील पहिले मानले जाते. १९४१ पासून डॉ. जे. एम. कुमारप्पा यांनी संस्था सांभाळली. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावण्यांत येथील विद्यार्थी व अध्यापक काम करण्यास गेले. १९५४ मध्ये संस्था देवनारला आली.

येथे एक विरोधाभास नोंदविण्यासारखा आहे. ज्या मिशनच्या नावातच मराठी होती आणि ज्याचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ पासून मराठीत निघत होते, त्याच्या एका माणसाने उभारलेल्या विद्यालयाची भाषा मात्र इंग्रजी झाली. याची कारणे उघड होती. विद्यार्थी निरनिराळ्या प्रांतांतून येणार होते, पाठ्यग्रंथ अमेरिकन होते, आणि उच्च शिक्षणाची भाषा त्या काळी इंग्रजीच होती. व्यक्ती, गट आणि समुदाय या तीन पातळ्यांवर काम करण्याच्या पद्धतीही तेथूनच आल्या. त्यामुळे आरंभीची समजूत अशी झाली की, भारतात तोवर दानधर्म होता, समाजसुधारणा होती. ‘समाजकार्य’ असे काही नव्हते, ते १९३६ पासून सुरू झाले.

मुंबई-पुण्याचा त्यापूर्वीचा इतिहास पाहता ही समजूत टिकत नाही. जोतीराव फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ चे, धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा. १९०५ मध्ये भारत सेवक समाज, १९०६ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांची निराश्रित साहाय्यकारी मंडळी, १९११ मध्ये ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग, १९२४ मध्ये डॉ. आंबेडकरांची बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. वसतिगृहे, रात्रशाळा, वाचनालये, औषधोपचार, सहकारी पतपेढ्या असे जे उपक्रम पुढे अभ्यासक्रमात शिकविले जाऊ लागले, त्यांपैकी बहुतेक या संस्थांनी आधीच चालविले होते. त्यांचे अहवाल, हिशेब, भाषणे व वृत्तपत्रीय वाद यांचा मोठा भाग मराठीत आहे. म्हणजे नव्या विद्याशाखेच्या दाराशीच तिचे एक दफ्तर पडून होते. मात्र ते तिच्या अध्यापनाच्या भाषेत नव्हते.

३

प्रा. गोरे यांची पिढी ही या विद्यालयाने घडविलेल्या आरंभीच्या पिढ्यांपैकी होय. दिल्लीचे समाजकार्य विद्यालय १९४६ मध्ये सुरू झाले आणि पुढे दिल्ली विद्यापीठात समाविष्ट झाले. तेथे प्राचार्यपदी असताना प्रा. गोरे यांनी जे संशोधन केले व करविले, त्यात भिकाऱ्यांच्या प्रश्नाचा अभ्यास महत्त्वाचा आहे. १९५८ साली त्यांचा ‘समाज आणि भिकारी’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा इंग्रजी निबंध प्रसिद्ध झाला, आणि १९५९ साली दिल्ली महानगरातील भिकाऱ्यांविषयीचा अभ्यास बाहेर पडला. त्यापूर्वी, १९४५ मध्ये, डॉ. कुमारप्पा यांनी याच विषयावर एक ग्रंथ संपादित केला होता. त्याच्या शीर्षकात भिकारी हा ‘आपला प्रश्न’ होता, आणि तो कसा सोडवावा याचा विचार होता. गोरे यांच्या शीर्षकात ‘समाज’ प्रथम येतो. भीक घेणारा जसा अभ्यासाचा विषय, तसाच भीक घालणाराही. दोन शीर्षकांमधील तेरा वर्षांत दृष्टी कोठे सरकली, हे यावरून ध्यानात येते.

हा फरक किती व्यावहारिक होता, ते त्याच सुमारास झालेल्या कायद्यावरून समजते. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५९ चा. तो पुढे दिल्लीलाही लागू करण्यात आला. या कायद्याच्या व्याख्येत सार्वजनिक जागी भिक्षा मागणे तर येतेच, परंतु गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा वस्तू विकावयास पुढे करणे अशा निमित्तांनी भिक्षा मागणे अथवा स्वीकारणे, हेही येते. मराठी भाषेच्या अभ्यासकाला ही व्याख्या वाचताना थांबावे लागते. मराठीत मागण्याचे प्रकार अनेक आणि त्यांना शब्दही अनेक आहेत. विद्यार्थी माधुकरी मागतो, देवीचा भक्त जोगवा मागतो, संन्यासी भिक्षा मागतो. पहाटे दारी येणारा वासुदेव दान पावल्याचे सांगतो. नंदीबैलवाला खेळ करतो, कुडमुडे जोशी भविष्य वर्तवितो. यांपैकी कोणालाही गावाने पूर्वी सरसकट ‘भिकारी’ म्हटले नसते. तो शब्द वेगळ्या अवस्थेसाठी राखलेला होता. कायद्याला मात्र एकच शब्द पुरला. ज्या जमातींचा परंपरागत उदरनिर्वाह अशा फिरतीवर होता, त्या शहरात येताच व्याख्येच्या कक्षेत आल्या. जेथे भाषेने भेद राखला होता तेथे कायद्याने तो पुसला, आणि समाजाचा एक संबंध व्यक्तीचा अपराध ठरला.

भिकाऱ्याला पकडून निवारागृहात ठेवावे, की ज्या व्यवस्थेने त्याला रस्त्यावर आणले तिचा विचार करावा, हा प्रश्न त्यामुळे केवळ तात्त्विक राहत नाही. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायद्यातील भीक मागणे हा अपराध ठरविणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरविल्या. समाजाला प्रथम ठेवणारी जी दृष्टी साठ वर्षांपूर्वीच्या निबंधशीर्षकात दिसते, ती न्यायालयाच्या निर्णयापर्यंत पोचावयास किती काळ लागला, हे यावरून कळते.

दिल्लीच्या काळातील दुसरा मोठा अभ्यास कुटुंबाचा. दिल्ली व आसपासच्या अगरवाल कुटुंबांवर नागरीकरणाचा आणि औद्योगिकीकरणाचा कोणता परिणाम झाला, या विषयावर प्रा. गोरे यांनी कोलंबिया विद्यापीठात १९६१ मध्ये प्रबंध सादर केला. तो १९६८ साली ग्रंथरूपाने आला. शहर आले की एकत्र कुटुंब मोडते, असे तेव्हा समाजशास्त्रात सर्रास मानले जाई. प्रत्यक्ष आचरण, नात्यांतील भूमिकांची समज आणि मनातील वृत्ती ही अंगे वेगवेगळी तपासली असता बदल सरळ रेषेत होत नाही, असे या अभ्यासाने दाखविले. राहणे वेगळे झाले तरी कर्तव्याची भावना एकत्र कुटुंबाचीच राहू शकते. मराठीत ‘वेगळे होणे’ याची खूण घर किंवा जमीन नसून चूल आहे. ‘चूल वेगळी झाली’ असे म्हणतात. तरीही वेगळ्या चुलीचा मुलगा सणाला, लग्नाला, आजारपणाला ‘घरी’च येतो. भाषेने टिपलेली ही गुंतागुंत आकडेवारीतून पकडण्याचा प्रयत्न या ग्रंथात आहे.

४

१९६२ मध्ये तत्त्वज्ञ प्रा. अ. र. वाडिया यांच्यानंतर प्रा. गोरे टाटा संस्थेचे संचालक झाले. १९६४ साली संस्थेला विद्यापीठसमान दर्जा मिळाला. पदविका देणारे विद्यालय, या अवस्थेतून पदव्युत्तर पदवी व संशोधन करणारी संस्था, या अवस्थेत ती गेली ती याच काळात. १९६५ मध्ये समाजकार्य आणि त्याचे शिक्षण यांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. समाजकार्याचा पाया समाजशास्त्रांच्या अभ्यासात असला पाहिजे, आणि व्यक्तीला परिस्थितीशी जुळवून घ्यावयास शिकविणे एवढेच त्याचे काम नव्हे, ही त्यांच्या प्रतिपादनाची दिशा होती. गरिबी, जाती आणि विषमता यांनी ग्रासलेल्या देशात, रुग्णाईत व्यक्तीवर उपचार करावा तसे समाजकार्य करून भागणार नाही. विकासाच्या प्रश्नांशी ते जोडले गेले पाहिजे, हा विचार त्यांनी पुढेही सातत्याने मांडला. ‘समाजासाठी कार्य’ या विग्रहाकडून ‘समाजाचे कार्य’ या विग्रहाकडे झालेले हे स्थित्यंतर होय.

या दिशेने त्यांचे काम संस्थेच्या आवाराबाहेरही गेले. आय. पी. देसाई आणि सुमा चिटणीस यांच्यासमवेत त्यांनी भारतातील शिक्षणाच्या समाजशास्त्राविषयीचे निबंध १९६७ साली संपादित केले. त्याच तिघांचा क्षेत्रीय अभ्यासांवर आधारलेला अखिल भारतीय अहवाल १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. १९७१ मध्ये भारत सरकारने पोलीस प्रशिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद प्रा. गोरे यांच्याकडे आले. अहवाल १९७३ चा. समाजकार्याच्या अध्यापकाकडे पोलिसांच्या शिक्षणाचा विचार सोपविला जावा, ही घटना बोलकी आहे. कायदा आणि कवायत यांबरोबर समाजाची जाण आणि नागरिकांशी वागण्याची वृत्ती हीदेखील प्रशिक्षणाची अंगे आहेत, हा आग्रह त्या समितीच्या कामात होता.

परंतु ज्या अध्यापनाने हे सारे शक्य केले, त्यात एक जुनी अडचण तशीच राहिली, आणि ती भाषेची होती. समाजकार्याचा विद्यार्थी आठवड्यातील काही दिवस क्षेत्रकार्यासाठी रुग्णालयात, न्यायालयात, बालगृहात किंवा वस्तीत जातो. तेथे जे बोलणे होते त्याची तो नोंद लिहितो, आणि त्या नोंदीवर अध्यापक त्याच्याशी चर्चा करतो. हा या शिक्षणाचा कणाच म्हणावा लागेल. मुंबईच्या चाळीत किंवा झोपडपट्टीत संभाषण मराठीत, हिंदीत किंवा गुजरातीत व्हावयाचे, आणि नोंद इंग्रजीत. ऐकण्याची भाषा एक आणि लिहिण्याची दुसरी. या दोहोंच्या मध्ये अर्थाचे काय होते, याचा विचार अभ्यासक्रमात फारसा झाला नाही.

एक साधे उदाहरण घ्यावे. एखादी बाई म्हणते, “घरात भागत नाही.” मराठीत ‘भागणे’ हे क्रियापद या अर्थाने अकर्तृक चालते. कोणाचे भागत नाही हे सांगता येते, पण कोण भागवीत नाही हे त्या वाक्यात नसते. वाक्यात कर्ता नाही, म्हणून दोषीही नाही. मजुरी अपुरी आहे, धान्य महाग आहे, खाणारी तोंडे अधिक आहेत, हे सारे त्या तीन शब्दांत मिळून येते. इंग्रजी नोंदीत वाक्याला कर्ता हवा असतो. मग नोंद अशी होण्याचा संभव असतो की, ‘या स्त्रीला घरखर्च सांभाळता येत नाही.’ बाईने परिस्थिती सांगितली, नोंदीने तिची उणीव लिहिली. ‘हाताला काम नाही’, ‘पोराचं शाळेत मन लागत नाही’, ‘मनाला लागलं’ या वाक्यांचेही हेच होते. मन, हात, काम ही वाक्यातील पदे व्यक्तीला बाजूस ठेवून परिस्थिती बोलतात. भाषांतरात ती बेकारी, अभ्यासातील मागासलेपण, मानसिक ताण अशी व्यक्तीची लक्षणे होतात. पुढील अधिकारी, डॉक्टर किंवा दंडाधिकारी ही नोंद वाचतो, मूळ वाक्य नव्हे. मदत मिळावयाची की नाही, मूल घरी राहावयाचे की बालगृहात जावयाचे, हे पुष्कळदा त्या नोंदीवर अवलंबून असते.

प्रा. गोरे यांचा आग्रह नेमका असा होता की, दुःखाचे कारण केवळ व्यक्तीत शोधू नये, समाजरचनेत शोधावे. परंतु त्यांच्याच विद्याशाखेची नोंदीची भाषा कारण पुन्हा व्यक्तीकडे ढकलीत होती. सिद्धान्त एका दिशेने आणि व्याकरण दुसऱ्या दिशेने, अशी ही स्थिती होय. याचा दोष एका व्यक्तीवर टाकता येणार नाही. अनेक भाषांच्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकविणाऱ्या संस्थेपुढे दुसरा सोपा मार्ग नव्हता. परंतु ही उणीव त्यांच्या वारशाचाच भाग आहे, आणि ती नोंदविल्यावाचून वारशाचे वर्णन पुरे होत नाही.

५

संचालकपदावरून निवृत्त झाल्यानंतरच्या दशकात प्रा. गोरे यांनी लिहिलेली तीन पुस्तके या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजेत. महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीवरील ग्रंथ १९८९ चा, विठ्ठल रामजी शिंदे यांच्या कार्याचे मूल्यमापन १९९० चे, आणि डॉ. आंबेडकरांच्या विचारसरणीचा सामाजिक संदर्भ उलगडणारा ग्रंथ १९९३ चा. कुटुंब, शिक्षण आणि नागरीकरण यांवर लिहिणाऱ्या समाजशास्त्रज्ञाने उतारवयात फुले, शिंदे आणि आंबेडकर यांच्याकडे वळावे, हा योगायोग मानता येत नाही. ज्या दफ्तराकडे विद्याशाखेने आरंभी पाठ फिरविली होती, ते आता तिच्या एका ज्येष्ठ अध्यापकाने उघडले. या चळवळीच्या इतिहासावर गेल ऑम्व्हेट यांचा ग्रंथ १९७६ मध्ये आणि रोझालिंड ओ’हॅनलन यांचा १९८५ मध्ये आला होता. गोरे यांच्या ग्रंथांचे वेगळेपण असे की, समाजकार्य शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने ते लिहिले आहेत. विचारसरणी ही समाजातील विशिष्ट स्थानावरून कशी घडते, आणि हीन ठरविल्या गेलेल्या समूहाची विचारसरणी निषेधाचे रूप का घेते, हा आंबेडकरांवरील ग्रंथाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. ज्या कोलंबिया विद्यापीठात आंबेडकर १९१३ मध्ये शिकावयास गेले, तेथेच जवळजवळ अर्धशतकानंतर गोरे यांनी आपला प्रबंध पुरा केला होता, हेही येथे लक्षात येते.

या परंपरेत भाषेची जाण किती तीव्र होती, हे संस्थांच्या नावांवरूनच कळते. ‘निराश्रित साहाय्यकारी मंडळी’ या नावातील ‘निराश्रित’ हे विशेषण अवस्था सांगते: ज्याला आश्रय नाही तो. आश्रय का नाही, कोणी काढून घेतला, याविषयी शब्द मौन पाळतो. उरते ते साहाय्य. ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ या नावातील ‘बहिष्कृत’ हे कर्मणी भूतकाळवाचक धातुसाधित आहे. ज्याला बहिष्कृत केले गेले, असा त्याचा अर्थ. तेव्हा बहिष्कृत करणारा कोणीतरी आहे हे व्याकरणच सांगते. कर्ता उच्चारलेला नाही, पण अध्याहृत आहे. ‘दलित’ हा शब्दही त्याच घडणीचा आहे. १९०६ आणि १९२४ यांमधील अठरा वर्षांत विशेषणाकडून धातुसाधिताकडे झालेला हा प्रवास म्हणजे दयेच्या भाषेकडून न्यायाच्या भाषेकडे झालेला प्रवास होय. अर्थात शिंदे यांचा विचार त्यांच्या संस्थेच्या नावापुरता मर्यादित नव्हता. ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ या १९३३ च्या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेच्या उगमाचा ऐतिहासिक शोध घेतला आहे, आणि त्यासाठी शब्दांच्या व जातिनामांच्या व्युत्पत्तीचा आधार वारंवार घेतला आहे. म्हणजे समाजकार्यकर्ता, संशोधक आणि भाषेचा अभ्यासक या तीन भूमिका एका माणसात एकत्र नांदल्याचे उदाहरण मराठीत आधीच होते.

‘समाजाने केलेले कार्य’ हा तिसरा विग्रह येथे अर्थपूर्ण होतो. फुले, शिंदे व आंबेडकर यांच्या चळवळींत, ज्यांच्यासाठी कार्य करावयाचे ते आणि कार्य करणारे यांतील अंतर उत्तरोत्तर कमी होत गेले. आंबेडकरांच्या ठायी ते उरलेच नाही. व्यावसायिक समाजकार्याला नेमका हा टप्पा सर्वांत अवघड वाटतो, कारण व्यवसाय म्हटला की सेवा देणारा आणि सेवा घेणारा असे दोन पक्ष आलेच. सेवा घेणाऱ्यासाठी मराठीत अद्याप सर्वमान्य शब्द नाही. ‘अशील’ वकिलाकडे जातो, ‘रुग्ण’ वैद्याकडे, ‘लाभार्थी’ सरकारी योजनेत असतो. ‘सेवार्थी’ हा शब्द पाठ्यपुस्तकांत आला, तो वस्तीत पोचला नाही. वस्तीतील माणसे ‘केस’ हा शब्द तेवढा ओळखतात, आणि त्यांच्या कानी त्याचा अर्थ कोर्टकचेरी असा पडतो. ‘तुमची केस माझ्याकडे आहे’ असे नव्या विद्यार्थ्याने म्हटले की समोरची बाई धास्तावते, त्याचे कारण हे आहे.

प्रा. गोरे यांनी तिसऱ्या विग्रहाच्या इतिहासाचा अभ्यास केला, पण तो इंग्रजीत केला. त्यामुळे देशभरच्या अभ्यासकांपर्यंत महाराष्ट्रातील हा विचार पोचला, हा लाभ थोर आहे. परंतु महाराष्ट्रातील समाजकार्याच्या मराठी वर्गात फुले आणि शिंदे पुष्कळदा ‘समाजसुधारक’ या प्रकरणात राहतात, आणि ‘समाजकार्याच्या पद्धती’ हे प्रकरण त्यानंतर जणू नव्याने सुरू होते. या दोन प्रकरणांमधील भिंत गोरे यांच्या तीन ग्रंथांनी पाडली होती. ती मराठी पाठ्यपुस्तकांत पुन्हा उभी राहिली.

६

१९३६ मध्ये एक विद्यालय होते. १९५५ मध्ये मुंबईत निर्मला निकेतन आणि १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था निघाली. नागपुरातही हे शिक्षण स्वातंत्र्योत्तर काळातच रुजले, आणि पुढे विदर्भ, मराठवाडा व खानदेश येथील जिल्ह्यांच्या गावीही महाविद्यालये झाली. तेथील विद्यार्थ्यांत शेतमजुरांची, भटक्या जमातींची, दलित व आदिवासी कुटुंबांतील मुले-मुली आहेत, आणि त्यांतील अनेक जण मराठीतून शिकतात, मराठीतून नोंदी लिहितात. नागपाड्याच्या पहिल्या वर्गात जे अंतर होते ते या विद्यार्थ्यांच्या बाबतीत निम्मे तरी कमी झालेले आहे, कारण ‘घरात भागत नाही’ हे वाक्य त्यांनी स्वतःच्या घरी ऐकलेले आहे. परंतु नोंद लिहावयास बसल्यावर यांच्याही लेखणीतून ‘सदर महिलेस कौटुंबिक अर्थनियोजनाचा अभाव आहे’ असे मराठी उतरते. भाषा मराठी, पण वाक्याची बैठक आणि दोषाची वाटणी जुन्याच नोंदीची. माध्यम बदलले एवढ्याने प्रश्न सुटत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

प्रा. गोरे यांच्या वारशाचा खरा उपयोग येथे आहे. कारण व्यक्तीत शोधू नका, समाजात शोधा, हे त्यांचे सूत्र केवळ संशोधनाचे नसून लेखनाचेही सूत्र होऊ शकते. नोंदीत प्रथम त्या माणसाचे वाक्य त्याच्या शब्दांत यावे. त्याचा शास्त्रीय अर्थ नंतर आणि वेगळा यावा. वाक्यात कर्ता नसेल तर तो घुसडू नये, आणि धातुसाधितात कर्ता दडलेला असेल तर तो शोधून काढावा. भाषाशास्त्राचा विद्यार्थी आणि समाजकार्याचा विद्यार्थी यांनी एकत्र बसून करण्यासारखे हे काम आहे. क्षेत्रकार्याच्या मराठी नोंदींचा संग्रह, त्यांतील परिभाषेची छाननी आणि १८७३ पासूनच्या संस्थांच्या मराठी अहवालांचे समाजकार्याच्या दृष्टीने वाचन, असे तीन विषय तरी त्यातून सहज निघतात.

अध्यापकाचे स्मरण त्याच्या उत्तरांची उजळणी करून होते, तसे त्याने अर्धवट सोडलेला प्रश्न पुढे नेऊनही होते. प्रा. गोरे यांनी समाजकार्याला समाजशास्त्राचा पाया दिला, आणि आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्या पायाखाली महाराष्ट्राची जुनी भूमी आहे हे दाखविले. त्या भूमीची भाषा विद्याशाखेच्या रोजच्या लेखनात आणणे, हे काम पुढील अभ्यासकांकडे आले आहे. ज्या बाईने आपली हकिगत सांगितली तिला तिची नोंद वाचून दाखविता यावी, आणि ‘होय, मी हेच म्हटले होते’ असे तिने म्हणावे, ही या कामाची साधी कसोटी मानण्यास हरकत नाही.